प्लेसमेंट संपत आली, चिंतनात काय लिहू? इंग्लंडमध्ये एमएसडब्ल्यू करणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

तुझा प्रश्न मला कळला तो असा. महाराष्ट्रातून तू इंग्लंडला एमएसडब्ल्यूसाठी, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी आलीस. शंभर दिवसांची शेवटची प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, एका कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) हॉस्पिटल टीममध्ये झाली आणि आता तीन आठवडे उरलेत. पोर्टफोलिओतलं शेवटचं चिंतन, म्हणजे आपल्याच कामाकडे वळून बघणारं लिखाण, लिहायला बसलीस की 'मी खूप काही शिकले', 'इथे माणसं एकटी आहेत, आपल्याकडे कुटुंब असतं' याच्यापुढे वाक्य जात नाही. ज्यांच्यासोबत तुझं सगळ्यात जास्त काम झालं ते ऐंशी ओलांडलेले आजोबा स्वयंपाकघरात पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगी केअर होमचा आग्रह धरत होती, त्यांना घरीच जायचं होतं. ते घरी गेले. आता तू गुरुवारी त्यांच्याकडे जातेस आणि निघताना ते 'पुढच्या गुरुवारी येशील ना?' असं विचारतात. तू जाणार आहेस हे त्यांना अजून माहीत नाही. आणि शेवटचा प्रश्न, परत गेल्यावर यातलं काय कामी येणार?

तू 'ताई' म्हणून विचारलंस, म्हणून मीही 'तू' म्हणते. मी आधी महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. पुढे इंग्लंडमध्ये प्रौढांच्या सोशल केअरमध्ये आले आणि आता बरीच वर्षं प्रॅक्टिस एज्युकेटर, म्हणजे प्लेसमेंटवरची मार्गदर्शक-परीक्षक म्हणून विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ वाचते आहे. माझं म्हणणं एवढंच की हे तीन आठवडे कामाचेच आहेत. ते कामासारखे केलेस तर चिंतनाला विषय मिळेल. देशांची तुलना मात्र बाजूला ठेवावी लागेल.

तेव्हा आधी लिहिणं थांबव आणि येत्या गुरुवारी आजोबांना सांग.

आपल्याकडे केसवर्कच्या (एकेका व्यक्तीसोबतच्या समाजकार्याच्या) पेपरात टर्मिनेशन, म्हणजे कामाचा शेवट, शेवटच्या युनिटमध्ये येतं. तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते आणि ते घाईत उरकलं जातं. समाजकार्याचे अमेरिकन अभ्यासक विल्यम श्वार्ट्झ यांनी मदतकामाचे चार टप्पे मांडले, त्यात शेवट हा पहिल्या भेटीच्या तयारीइतकाच मोठा टप्पा आहे. प्रत्यक्षात विद्यार्थी तो टाळतात, कारण सांगायला जीव धजत नाही. पण ज्या माणसाची बायको गेली, बरोबरीचे मित्र गेले, त्याच्या घरी गुरुवारी येणारं माणूस एका गुरुवारी न सांगता येईनासं होतं, ही गोष्ट तुला वाटते त्याहून खोल जाते. शेवटच्या भेटीत सांगू नकोस. निदान दोन भेटी आधी सांग, म्हणजे त्यांना त्यावर बोलायला एक भेट मिळेल. शब्द साधे ठेव. मी विद्यार्थिनी आहे, माझं इथलं काम अमुक तारखेला संपतं, त्यानंतर तुमचं काम अमुक टीम बघेल, त्यांचा फोन नंबर हा. एवढं बोललीस की थांब. ते गप्प बसतील, 'ठीक आहे' म्हणतील किंवा विषय बदलतील. तू ती शांतता भरून काढू नकोस.

एक गोष्ट आधीच माहीत असू दे. शेवट कळला की काही माणसं नवी अडचण पुढे करतात, अनेकदा तू दारापर्यंत पोचल्यावर. जिन्यावर परत तोल गेला, सकाळी येणारी केअरर उशिरा येते, रात्री झोप लागत नाही. यातलं काही खरंच गंभीर असू शकतं, म्हणून ऐकून घे, नोंद कर, त्याच दिवशी टीमला कळव. 'मी बघते' असं म्हणू नकोस. तुझ्याकडे बघायला दिवस उरलेले नाहीत, आणि पुऱ्या न होणाऱ्या आश्वासनाचं ओझं त्यांनी का वाहावं?

आपला नंबर देऊ नकोस. तुझ्या मनात हे येणार हे मला ठाऊक आहे, कारण आपल्याकडे फील्डवर्कमध्ये वस्तीतल्या निम्म्या बायकांकडे आपला नंबर असतो आणि पुढे लग्नाच्या पत्रिकाही येतात. इथल्या व्यावसायिक मर्यादा अनेकांना कोरड्या वाटतात. या प्रसंगात त्यांच्यामागचं कारण मात्र सरळ आहे: ते रात्री पडले आणि त्यांनी तुला फोन लावला, तेव्हा तू नाशिकला असशील. त्यांच्या हाताशी चालणारा नंबर हवा. गळ्यात अलार्मचं बटण आहे का, ते ते खरोखर घालतात का, की खुंटीला टांगून ठेवतात, हे या भेटीत बघ. भेटवस्तूचंही तसंच. बिस्किटांचा पुडा दिला तर टीममध्ये ठेव आणि प्रॅक्टिस एज्युकेटरला सांग. पैसे किंवा मौल्यवान वस्तू घ्यायची नाही. बहुतेक कौन्सिलांचा यासाठी लेखी नियम असतो, तो वाचून जा, म्हणजे ऐनवेळी त्यांचा मान दुखावेल असं बोललं जाणार नाही.

आणि हस्तांतर. केअर प्लॅन ठरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी एक हलका आढावा घ्यावा, असं २०१४च्या केअर अ‍ॅक्टच्या मार्गदर्शनात आहे. तो आढावा तुझ्या जाण्यानंतर येत असेल तर फाईलवर कुणाचं तरी नाव असायला हवं. 'टीम' हे नाव नव्हे. सुरुवातीचे काही आठवडे रिएबलमेंटखाली (पुन्हा स्वतःचं स्वतः करता यावं यासाठीच्या सेवेखाली) मोफत मदत मिळत असेल, तर ती सहसा जास्तीत जास्त सहा आठवड्यांची असते. त्यानंतर उत्पन्न आणि बचत बघून वर्गणी लागू शकते. हे आजोबांना कुणी सांगितलं आहे का? बिल आल्यावर घाबरून केअरर बंद करणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. जमलं तर त्यांना एक पानाचं पत्र लिही. तुम्हाला काय हवं होतं, आपण काय ठरवलं, आता कोण येतं, अडचण आली तर कुणाला फोन करायचा. अक्षर मोठं असू दे. पत्र आधी प्रॅक्टिस एज्युकेटरला दाखव. त्याची एक प्रत फाईलमध्ये जाऊ दे.

आता चिंतन.

तुमच्या विद्यापीठाने चिंतन लिहिण्यासाठी गिब्ज यांचं १९८८चं सहा पायऱ्यांचं वर्तुळ दिलं असेल: घडलं काय, वाटलं काय, चांगलं-वाईट काय, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची योजना. वापर, हरकत नाही. पण बहुतेक विद्यार्थी पहिल्या दोन पायऱ्यांवर दोन पानं खर्च करतात आणि विश्लेषणाला चार ओळी उरतात. मी वाचताना एकच शोधते. या विद्यार्थ्याने घेतलेला एखादा निर्णय मला आतून दिसतो का? त्या क्षणी काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, कुणाचा दबाव होता, आपला कल कुठे होता आणि तो तिकडे का होता. शंभर दिवसांचा आढावा घेऊ नकोस. एकच निर्णय घे. तुझ्याकडे तो आहे.

तुझ्या प्रश्नातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तू ओझरतं लिहून गेलीस: 'मला त्या मुलीचा राग आला होता.' तिथून सुरू कर.

राग कशाचा होता? बापाला घरी न नेता ती केअर होमचं नाव घेत होती, याचा. त्याच्या खाली काय आहे ते बघ. आईवडिलांना सांभाळणं हे मुलांचं कर्तव्य, ही समजूत तू घेऊन आलीस. ती समजूत आपल्या कायद्यातही आहे. २००७च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानुसार वृद्ध आईवडील न्यायाधिकरणाकडे जाऊन मुलांकडून निर्वाहभत्ता मागू शकतात आणि त्या कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये घातलेली आहे. सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवायची सोयही त्यात आहे. इंग्लंडमध्येही एके काळी मुलांवर असं बंधन होतं. जुन्या पुअर लॉखाली, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या कायद्याखाली, गरीब आईवडिलांचा खर्च मुलांकडून वसूल करता येत असे. १९४८च्या नॅशनल असिस्टन्स अ‍ॅक्टने पुअर लॉ संपवला आणि सज्ञान मुलांची ती जबाबदारीही गेली. म्हणजे तू ज्याला 'इथली संस्कृती' म्हणते आहेस त्यातला बराच भाग वर्कहाऊसच्या (निराधारांना ठेवून काम करून घेणाऱ्या घरांच्या) भीतीत जगलेल्या लोकांनी जाणीवपूर्वक बदलून घेतलेला कायदा आहे. ही मुलगी कायद्याने बांधील नव्हती, तरीही ती वॉर्डात येत होती. हे तुझ्या लिखाणात कुठेच नाही.

मग पैशाकडे बघ, कारण केअर होमचा प्रश्न पैशाशिवाय समजत नाही. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांच्या वर बचत किंवा मालमत्ता असेल तर केअर होमचा खर्च माणसाने स्वतःच करायचा असतो. कायमचं केअर होममध्ये गेल्यावर, घरात जोडीदार राहत नसेल तर, पहिले बारा आठवडे सोडून राहत्या घराची किंमतही धरली जाते. घरी राहून मदत घेतली तर घर धरत नाहीत. आजोबा विधुर आहेत आणि तू लिहिलंस त्याप्रमाणे घर त्यांच्या मालकीचं आहे. म्हणजे केअर होमचा आग्रह धरणारी मुलगी स्वतःच्या वारशाच्या विरुद्ध बोलत होती. तिला बापाला टाकून द्यायचं होतं असं तुला वाटलं. मला तर या माहितीवरून वाटतं की ती घाबरली होती. पुन्हा एकदा तो फोन येईल, आणि या वेळी बाप रात्रभर फरशीवर पडून राहिलेला असेल, या भीतीने. तू तिला विचारलंस का, की घरी नेलं तर तुला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? विचारलं असेल तर तिचं उत्तर लिही. नसेल विचारलं तर का राहिलं ते लिही. रागामुळे राहिलं असेल तर तुझं विश्लेषण तिथे सुरू होतं.

केअर अ‍ॅक्टच्या दहाव्या कलमाने काळजी घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या असेसमेंटचा, म्हणजे आपल्या गरजा तपासून घेण्याचा, हक्क दिला आहे. ती दुसऱ्या गावात राहते, पण औषधं, बँक, डॉक्टरांच्या वेळा कोण बघतं? तीच ना? २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ५० लाख लोकांनी आपण विनामोबदला कुणाची तरी काळजी घेतो असं सांगितलं. एवढी माणसं हे करत असताना 'इथे कुणी कुणाचं बघत नाही' हे वाक्य उभंच राहत नाही.

आणि 'आपल्याकडे कुटुंब असतं' हेही जरा थांबून तपास. मी ज्या सरकारी वॉर्डात काम केलं तिथे दाखल होताना पहिला प्रश्न असे, 'सोबत कोण आहे?' सोबत कुणी नसेल तर रक्त आणायला, औषध आणायला, भरवायला, बेडपॅन द्यायला हात नसत. त्या सोबतीवर वॉर्ड चालत होता. ते हात बहुतेक वेळा सुनेचे, बायकोचे किंवा शाळा सोडावी लागलेल्या मुलीचे असत आणि त्यांना कुणी 'तुला हे झेपतंय का?' असं विचारत नसे. कुटुंबाची माया खरी आहे, मी ती रोज पाहिली. तिच्या आडोशाला व्यवस्थेने आपलं काम कुटुंबावर ढकललेलंही रोज पाहिलं. दोन्ही लिही, नाहीतर एकही लिहू नकोस.

आता आजोबांच्या बाजूने. २००५च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टची पाच तत्त्वं तुला पाठ असतील. त्यातलं एक इथे कळीचं आहे: निर्णय शहाणपणाचा वाटत नाही, एवढ्यावरून माणसाला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. त्यांना माहिती समजली, लक्षात राहिली, तोलून बघता आली, सांगता आली. म्हणजे निर्णय त्यांचा. इथवर बहुतेक विद्यार्थी नीट लिहितात आणि 'त्यांच्या स्वायत्ततेचा आदर केला' म्हणून पूर्णविराम देतात. पुढे जा. तुमची टीम हॉस्पिटलची होती आणि हॉस्पिटलला खाटा मोकळ्या हव्या असतात. 'घरी जायचंय' म्हणणारा रुग्ण व्यवस्थेला सोयीचा असतो. ते 'केअर होमलाच जायचंय, पण अजून पंधरा दिवस विचार करतो' म्हणाले असते तर त्यांच्या स्वायत्ततेला तेवढाच मान मिळाला असता का? हा प्रश्न टीमवर आरोप न करता विचारता येतो, आणि विचारलास तर तुझं लिखाण एकदम वेगळ्या पातळीवर जाईल.

नमुना म्हणून एक परिच्छेद देते. हा उतरवून घेऊ नकोस, वाक्य कसं चालतं ते बघ.

'मुलगी केअर होमबद्दल बोलत होती तेव्हा मी तिच्याकडे न बघता नोंदी करत होते. तिची बाजू ऐकण्याआधीच मी ती चूक ठरवली होती, कारण माझ्या घरात आजारी माणसाला बाहेर ठेवणं हा शब्दही निघत नाही. फिजिओने जिन्याचा धोका सांगितला तेव्हा मी तो धोका कमी लेखला, कारण घरी जाणं मलाच हवं होतं. निर्णय त्यांचा होता आणि कायद्याने तो योग्य होता. पण त्यांना पर्याय समजावून सांगताना मी केअर होमची माहिती दोन वाक्यांत संपवली. समतोल माहिती दिली गेली का, हे मला नोंदी पुन्हा वाचल्यावर सांगता येत नाही. पुढच्या वेळी मी दोन्ही पर्यायांचे मुद्दे आधी लिहून काढेन आणि एकाच क्रमाने मांडेन.'

बघ, यात इंग्लंड हा शब्द नाही, भारत हा शब्द नाही. तरी दोन्ही आहेत.

तू कोण म्हणून तिथे गेलीस, तेही यायला हवं. गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र घालून तू एका म्हाताऱ्या माणसाच्या घरात शिरतेस, त्याच्या फ्रीजमध्ये डोकावतेस, त्याच्या अंघोळीबद्दल विचारतेस. ही सत्ता आहे, तू विद्यार्थिनी असलीस तरी. आणि त्याच वेळी त्याच गल्लीत कुणीतरी तुझ्या उच्चारावर बोलतं, कुणी 'दुसऱ्या कुणाला पाठवा' म्हणतं. असं काही झालं असेल तर ते गिळून टाकू नकोस. सुपरव्हिजनमध्ये (मार्गदर्शकासोबतच्या नियमित बैठकीत) सांग, नोंद व्हायला लाव, आणि तुला हवं असेल तरच चिंतनात लिही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण अशा प्रसंगांवर 'मी समजून घेतलं' असं लिहून पुढे जातात. समजून घेणं ही तुझ्या एकटीची जबाबदारी नाही. टीमने त्यावर काय केलं, हाही विश्लेषणाचा विषय आहे.

भाषेचंही तसंच. हिंदी, मराठी, गुजराती येणारा विद्यार्थी आला की टीम त्याला दुभाषा म्हणून वापरायला लागते. चांगल्या हेतूनेच, पण त्यात विद्यार्थ्याचं शिकणं मागे पडतं. दुसरं म्हणजे, क्षमतेच्या असेसमेंटमध्ये किंवा सेफगार्डिंगच्या (छळ-दुर्लक्षापासून संरक्षणाच्या) चौकशीत प्रशिक्षित दुभाष्याची जागा सोशल वर्करने किंवा नातेवाइकाने घेणं धोक्याचं असतं. तुझ्या बाबतीत हे झालं असेल तर कधी होकार दिलास, कधी नकार, ते लिहिण्यासारखं आहे.

इथे मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. परदेशी प्लेसमेंटचं चिंतन लिहिताना आपली मुलं फक्त 'मी काय घेतलं' एवढंच लिहितात. तू काय घेऊन आलीस? मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांसोबत महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्यकर्त्या थेट पोलिसांच्या आवारात बसून हिंसाचारग्रस्त स्त्रियांसोबत काम करू लागल्या. ही कल्पना कुठून आयात केलेली नव्हती. निधी नसताना, फॉर्म नसताना वस्तीत माणसं गोळा करून काम उभं करायचं, रेशन दुकानदारापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांशी बोलायचं, हे तू बीएसडब्ल्यूमध्ये शिकली आहेस. त्या आजोबांच्या गल्लीत कोण राहतं, चर्चमधलं जेवण कुठे मिळतं, हे तू फॉर्मच्या बाहेर जाऊन शोधलंस असं तू स्वतःच लिहिलं आहेस. तुझ्या टीमने त्याला 'छान पुढाकार' म्हटलं. ती तुझी विद्या आहे. ती तुझ्या नावावर मांड.

समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ साली मेलबर्नला मान्य केलेल्या व्याख्येत स्थानिक लोकांचं ज्ञान हा व्यवसायाचा एक आधार मानला आहे. आपल्याकडचं समाजकार्याचं औपचारिक शिक्षण १९३६ साली मुंबईत याच टाटा संस्थेत सुरू झालं, तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्सहार्ट हे अमेरिकन होते, आणि केसवर्कचा साचा बराचसा तिकडूनच आला. तेव्हापासून आपण बाहेरच्या साच्यात आपली माणसं बसवत आलो आहोत. तू उलट दिशेने जाऊन आलीस, म्हणून हा सांधा तुला दिसू शकतो.

परतण्याबद्दल. फॉर्म आणि मॉडेल घेऊन येऊ नकोस. दिवसातून चार वेळा घरी येणारी केअरर, कौन्सिलचं बजेट, रिएबलमेंट यातलं काहीही तुला जिल्हा रुग्णालयात मिळणार नाही आणि 'तिकडे असं असतं' हे वाक्य तिसऱ्यांदा उच्चारलंस की सहकारी ऐकणं बंद करतील. तिथल्या समाजसेवा अधीक्षकाचा दिवस महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद, धर्मादाय रुग्णालयातल्या निर्धन रुग्णांसाठीच्या १० टक्के खाटा आणि ट्रस्टांची मदतपत्रं यात जातो. हे काम कमी दर्जाचं समजू नकोस. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १८९५ साली मेरी स्टुअर्ट यांना पहिल्या आल्मनर (रुग्णालयातल्या समाजसेविका) म्हणून नेमलं तेव्हा मोफत उपचाराला कोण पात्र, हे तपासणं हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. मुंबईत जे. जे. रुग्णालयात असं पद १९४६ साली आलं. दोन्हीकडचं हॉस्पिटलचं समाजकार्य 'पैसे कोण भरणार' याच प्रश्नातून वाढलं आहे.

घेऊन येण्यासारखं काय आहे ते सांगते. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं चौथं कलम काढून वाच. एखाद्याने आपल्या मानसिक उपचारांबद्दल घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटला, तरी केवळ त्यावरून त्याला क्षमता नाही असं ठरत नाही, असं त्यात लिहिलं आहे. तू इंग्लंडमध्ये ज्या तत्त्वावर काम केलंस तेच हे तत्त्व. आपल्याकडे ते मानसिक आरोग्याच्या उपचारांपुरतं आहे, पण आहे. वॉर्डात डॉक्टर रुग्णाकडे न बघता भावाशी, मुलाशी बोलतात, तेव्हा खुर्ची ओढून रुग्णासमोर बसणं आणि आधी त्याला विचारणं यासाठी तुला कुणाचं बजेट लागत नाही. शंभर दिवस हे रोज केलं आहेस. ही सवय टिकली तर बाकी फारसं काही आणावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट सुपरव्हिजन. इथे ती प्लेसमेंटच्या रचनेतच असते. आपल्याकडे एमएसडब्ल्यूला आठवड्याची आय.सी., म्हणजे मार्गदर्शकासोबतची वैयक्तिक बैठक असते आणि पदवी हातात पडली की संपते. नोकरीत तुझी केस कुणी बसून ऐकणार नाही. म्हणून जाण्याआधीच दोन-तीन जणी ठरवा, महिन्यातून एकदा तासभर, नावं न घेता एक केस. घरचे आणि मैत्रिणी 'लंडन कसं होतं?' विचारतील, फोटो बघतील, आणि आजोबांबद्दल कुणी विचारणार नाही. त्या पहिल्या महिन्यांत हा एक तास तुला फार लागेल.

कागदपत्रांचं लगेच बघ. प्लेसमेंटचा अंतिम अहवाल, गुणपत्रकं, प्रत्येक विषयाची अधिकृत रूपरेषा आणि कोर्स सोशल वर्क इंग्लंड या नियामक संस्थेकडून मान्यताप्राप्त असल्याचा दाखला यांच्या प्रती घेऊन ठेव. इंग्लंडमध्ये 'सोशल वर्कर' हे नाव २००५पासून कायद्याने राखीव आहे आणि डिसेंबर २०१९पासून नोंदणी सोशल वर्क इंग्लंडकडे आहे. परत येणार असलीस तरी पुढे कधी नोंदणी करायची झाली तर हेच कागद लागतात आणि भारतात बसून विद्यापीठाकडून ते मागवणं त्रासाचं होतं. उलट, आजोबांच्या केसचा एकही कागद, स्क्रीनशॉट किंवा वहीतलं पान सोबत नेऊ नकोस. वही कार्यालयातच नष्ट करायला दे. पोर्टफोलिओत नाव बदलणं पुरेसं नसतं. गाव, वय, आजार आणि नातं हे चारही जुळले की माणूस ओळखू येतो. मी इथे जेवढं लिहिलं आहे तेवढं तू लिहू नकोस, तपशील बदल.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. इथे पहिली नोकरी मिळत असेल तर वर्षभर थांबायचा विचार जरूर कर. नव्याने पात्र झालेल्या सोशल वर्करसाठी इथे पहिलं वर्ष मूल्यमापन आणि आधारासह असतं, त्याला एएसवायई म्हणतात. विद्यार्थी म्हणून शिकलेलं जबाबदारी अंगावर घेऊन पक्कं व्हायला ते वर्ष फार मोलाचं आहे. पण घरी कुणी वाट बघत असेल, किंवा तुला महाराष्ट्रातच काम करायचं हे मनाशी पक्कं असेल, तर केवळ इथला अनुभव वजनदार दिसतो म्हणून थांबू नकोस. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात याच आठवड्यात विचारून घे.